हौशी की परीक्षेचं

“मग मी यातलं कुठलं घेऊ, बाई?”

खोर्शेदबाईंचं लक्ष हातातल्या स्केटकडे होतं. स्केटच्या चाकात एक दोरा गुंतला होता, तो त्या चिमट्याने ओढून काढत होत्या.

“हौशी, की परीक्षेचं?” पिसाळ मॅडमनी पुन्हा विचारलं. “क्लबचे घोडके थोड्या वेळात येतील. त्यांना आज सांगायचंच आहे.”

“मग सांग की.”

“म्हणून तर तुम्हाला विचारतेय.”

दोरा निघाला. बाईंनी चाकाला टिचकी मारली. चाक फिरत राहिलं... फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या.

पाचगणीच्या बाजारामागे, पत्र्याच्या छपराखाली स्केटिंग क्लबचा हा हॉल होता. खाली गुळगुळीत लाल कोबा. त्यावर काळ्या रंगाने आखलेली मोठी वर्तुळं, दोन-दोन एकमेकांना चिकटलेली, आठाच्या आकड्यासारखी. चाकांचे बूट घालून या आठावरून जायचं. एक वर्तुळ उजव्या पायावर, दुसरं डाव्यावर. एकदा ढकललं की मध्ये दुसरा पाय टेकायचा नाही. बर्फावर फिगर स्केटिंग करतात ते हेच. इथे बर्फ नव्हता, म्हणून चाकं.

खोर्शेदबाई हे शिकवत म्हाताऱ्या झाल्या होत्या. आता गुडघे कुरकुरत. वेताच्या खुर्चीत बसून त्या शिकवत, आणि बसूनही त्यांना सगळं दिसे.

पिसाळ मॅडम मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पन्नाशीच्या जवळ आलेल्या. त्या व्हरांड्यात नुसत्या उभ्या राहिल्या तरी वर्गातला आवाज बसत असे. तीन हिवाळ्यांपूर्वी बाजारातून भाजी घेऊन येताना त्यांनी या हॉलचं उघडं दार पाहिलं होतं. आत एक म्हातारी पारशीण एकटीच, हात सैल सोडून, एका पायावर जात होती. कसला आवाज नव्हता. कुणी बघत नव्हतं. मॅडम भाजीची पिशवी धरून दारातच उभ्या राहिल्या. पिशवीतली कोथिंबीर बाहेर लोंबतेय हेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या शनिवारी त्या शिकायला आल्या. भर दुपारी आल्या, हॉल रिकामा असतो तेव्हा. तेव्हापासून त्यांची शनिवारची दुपार ठरलेली होती.

यंदा मात्र क्लबने नवी पद्धत आणली. मोठ्या माणसांनी दोनातलं एक सदस्यत्व घ्यायचं. हौशी सदस्यांनी संध्याकाळी गाणी लावून कडेकडेने फिरायचं, त्यांना शिकवणारं कुणी नाही. परीक्षेचं सदस्यत्व घेणाऱ्यांनी दुपारी मधल्या वर्तुळांवर यायचं, शाळकरी मुलींबरोबर शिकायचं, आणि मार्चमध्ये परीक्षा द्यायची. खोर्शेदबाईंच्या गुडघ्यांना आता एकच तास झेपत होता. तो त्यांनी परीक्षेवाल्यांना दिला होता.

रिकाम्या हॉलची दुपार आता कुणालाच मिळणार नव्हती.

“मी काय म्हणते,” मॅडम म्हणाल्या, “माझं वय बघा. मला कुठे पदकं मिळवायचीत? मी आपली आनंदासाठी येते. हौशीच बरं.”

“बरं. हौशी घे.”

मॅडम बाईंकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं, बाई नको म्हणतील. निदान विचार कर म्हणतील.

“म्हणजे... तुमचा तास सुटेल माझा.”

“सुटेल.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. तू दर शनिवारी केळ्याचे वेफर्स आणतेस. ते बंद होणार.”

मॅडमना हसू आलं नाही. त्यांनी पर्स उघडली, पुन्हा बंद केली.

“सरळ सांगा ना. मी परीक्षेच्या लायकीची नाही, असंच वाटतं ना तुम्हाला?”

“असं मी कुठे बोलले?”

“हौशी घे म्हणालात.”

“तू बोललीस, मी हो बोलले.”

“ठीक आहे. मग परीक्षेचं घेते.”

“घे.”

“बाई!”

“अरे, स्वतःच बोलते आणि स्वतःच चिडते. मी म्हातारीने करायचं काय?”

बाहेर सिल्व्हर ओकच्या झाडांत वारा घुसला. छपराचा एक सैल पत्रा खडखडला. मॅडम बाकावर टेकल्या. त्यांचा आवाज खाली आला.

“बाई, परीक्षेला माझ्याच शाळेतल्या मुली बसणार. आठवीतल्या. त्यांच्या रांगेत मी उभी राहायचं, पाठीवर नंबर लावून. आणि समजा नापास झाले... सोमवारी प्रार्थनेला त्यांच्यासमोर कशी उभी राहू? ‘नीट उभ्या राहा’ म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?”

“आणि हौशीत?”

“हौशीत कोण नापास करतंय!”

खोर्शेदबाईंनी चिमटा मिटून खिशात ठेवला.

“तुला हौशी नाही जमणार, डिकरी.”

“का?”

“त्याला लायकी लागते. परीक्षा काय, कुणी पण देतं.”

मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बावीस वर्षांच्या असताना त्या शिक्षिका झाल्या. तेव्हापासून लायकी हा शब्द त्या दुसऱ्यांसाठी वापरत आल्या होत्या. त्यांच्यासाठी तो कुणी वापरला नव्हता.

तेवढ्यात ननावरे आले. बसस्टँडजवळच्या औषधाच्या दुकानाचे मालक, अंगाने दांडगे, डोक्यावर माकडटोपी. त्यांनी पहिल्याच दिवशी हौशी सदस्यत्व घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत धीर धरवत नाही, म्हणून ते नेहमी लवकर येऊन कडेकडेने फिरत.

“नमस्ते बाई. नमस्ते मॅडम. मी कोपऱ्यात फिरतो, तुमचं चालू द्या.”

ते बूट बांधून निघाले. एक हात पाठीमागे, ओठांवर शीळ. खिडकीपर्यंत छान गेले. खिडकीपाशी त्यांचा एक पाय महाबळेश्वरच्या दिशेला गेला आणि दुसरा वाईच्या. सगळा देह धप्पकन खाली बसला.

ननावरे तिथेच बसून राहिले. टोपी सरळ केली.

“बाई, भूकंप झाला काय हो?”

“नाय. तू पडला.”

“मग बरं. म्हटलं दुकानातल्या बाटल्या पडल्या की काय.”

ते भिंतीला धरून उठले आणि पुन्हा निघाले. शीळ जिथे तुटली होती, तिथूनच पुढे सुरू झाली.

खोर्शेदबाई मॅडमकडे वळल्या.

“तो पडला तेव्हा तू कुठे बघितलंस?”

“त्यांच्याकडे.”

“आधी?”

मॅडम उत्तर द्यायला गेल्या... आणि थांबल्या.

“दाराकडे,” त्या म्हणाल्या.

“का?”

“कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून.”

“पडला कोण?”

मॅडमनी वळून पाहिलं. ननावऱ्यांची चाकं कडेने घरघरत होती.

“स्केट घाल,” बाई म्हणाल्या.

मॅडमनी स्केट घातले. नाड्या घट्ट ओढून दोनदा गाठ मारली. खोर्शेदबाई खुर्चीतून उठल्या. त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता, तळाला बारीक भोकं असलेला. पारशी घरांत उंबऱ्यावर चुन्याची नक्षी उठवतात, तसला. बाईंनी तो खडूच्या पुडीने भरला होता. वर्तुळावरून त्या डबा हलवत गेल्या. काळी रेघ पांढुरक्या धुक्यात गेल्यासारखी अंधूक झाली.

ही त्यांची जुनी रीत होती. कोब्यावर चाकांची खूण राहत नाही. पूड टाकली की राहते. चाकं कुठे गेली, कुठे थरथरली, ते सगळं खाली लिहिलेलं दिसतं. शिकणाऱ्याने आपली रेघ बघायची, आणि मग आपल्याच हाताने पुसून पुढच्याला जागा मोकळी करून द्यायची.

“उजवा,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

मॅडम दोन वर्तुळं चिकटतात तिथे उभ्या राहिल्या. डाव्या पायाने ढकललं. उजव्यावर निघाल्या.

पहिला पाव भाग चांगला गेला. अर्धा झाला. खांदे वळले, हात वळले. त्यांच्या चेहऱ्यावरची मुख्याध्यापिका कुठेतरी मागे राहिली. पाऊण वर्तुळाला घोटा थरथरला. शरीर आत कललं. त्यांनी सावरलं. वेग संपत आला होता. निघाल्या होत्या तिथे त्या पोचल्या, पण नेमक्या तिथे नाही, वीतभर आत. तिथेच त्या थांबल्या.

मागे वळून पाहिलं. पांढऱ्या पुडीत दोन लाल रेघा उमटल्या होत्या, आगगाडीच्या रुळांसारख्या. तीन हिस्से गोल. मग एक नागमोडी. आणि शेवटी न मिटलेलं तोंड.

मॅडम लगेच फडक्याकडे गेल्या. लांब दांड्याचं फडकं खुर्चीजवळ असायचं. त्यांनी दांडा धरला आणि ओढला.

फडकं आलं नाही. त्यावर खोर्शेदबाईंचा पाय होता.

“बाई, पाय.”

“दुखतोय.”

“जरा उचला ना. मी पुसून घेते.”

“दुखतोय ना. हलत नाही.”

मॅडमनी दांडा पुन्हा ओढला. पाय खरोखरच हलला नाही.

“तू फार चांगलं पुसतेस,” बाई म्हणाल्या. “एवढ्या घाईने कोणी नाही पुसत. मला वाटायचं, शाळेची शिस्त आहे.”

“शिस्तच आहे.”

“हं.”

मॅडमनी दांडा अजून एकदा ओढला.

“तीन वर्षं झाली, शैलजा. तुझी रेघ मी पुरी कधी बघितली नाही. माझी मान वळेपर्यंत साफ.”

मॅडमनी दांडा सोडला नाही. पण ओढायच्या थांबल्या. आजवर त्यांनाही ती शिस्तच वाटत होती.

बाहेर फाटकाची कडी वाजली. दोन मुलींचे आवाज आले.

“बाई, माझ्या शाळेतल्या आहेत.” मॅडम कुजबुजल्या. “प्लीज.”

“येऊ दे. त्यांचा क्लब आहे.”

मनवा आणि तस्लीम आत आल्या. शाळेचे निळे स्वेटर, खांद्यावर स्केट्सच्या पिशव्या. मॅडमना पाहून दोघी ताठ झाल्या.

“गुड आफ्टरनून मॅडम.”

“गुड आफ्टरनून.”

मॅडम दांडा धरून उभ्या. शाळेची घंटा हातात असावी, तशा. मुलींना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्या बाकावर बसल्या, बूट बांधले आणि वर्तुळापाशी आल्या.

“ए, हे कुणी काढलं गं?” मनवा म्हणाली.

“कुठे?”

“हे बघ. इथे वाळवी लागलीये.”

तस्लीम वाकली. “आणि इथे मिटलंच नाही. घराचं दार उघडं टाकून गेले वाटतं.”

“चोर येतील.”

“आले पण असतील. मधला तुकडा तेच घेऊन गेले.”

दोघी खिदळल्या. मग मनवाने आवाज जाड केला, कमरेवर हात ठेवला. मॅडम पाठीमागेच आहेत हे ती क्षणभर विसरली असावी.

“‘हे काय आहे? याला गोल म्हणतात? पुन्हा काढून आण.’”

तस्लीमने तिला कोपर मारलं. मनवाने जीभ चावली.

खोर्शेदबाई छपराकडे बघत होत्या. ननावऱ्यांची शीळ थांबली होती.

मॅडमना काहीही म्हणता आलं असतं. मुलींनो, थट्टा पुरे, असं म्हटलं असतं तरी त्या गप्प झाल्या असत्या. वर्तुळ कुणाचं, हे कुणालाच कळलं नसतं. खोर्शेदबाई सांगणार नव्हत्या. मॅडमना ते ठाऊक होतं.

हातातला दांडा त्यांनी भिंतीला टेकवला.

“माझं आहे,” त्या म्हणाल्या.

“काय मॅडम?”

“ते वर्तुळ. मी काढलंय.”

तस्लीमच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेताला आलं.

“सॉरी मॅडम. आम्हाला खरंच माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं, नवीन कोणीतरी...”

“नवीनच आहे मी.”

मनवा मात्र सॉरी म्हणाली नाही. ती पुन्हा खाली वाकली होती. नागमोडी जागेवर तिने हाताचा पंजा ठेवून पाहिला, मग मॅडमच्या पायांकडे पाहिलं.

“मॅडम, तुमचा पाय इथे आत पडतो,” ती म्हणाली. “माझा बाहेर पडायचा.”

“बरोबर इथेच?”

“हो. इथेच पडतो सगळ्यांचा. तस्लीमचा तर अजून पडतो.”

“ए!”

“पडतो की!”

मॅडम वर्तुळाच्या कडेने हळूहळू पुढे आल्या. मनवाच्या शेजारी गुडघ्यावर बसल्या. चाकांचे बूट घालून खाली बसणं सोपं नव्हतं. एक हात टेकावा लागला. हाताला पांढरी पूड लागली.

“मग तू काय केलंस?” त्यांनी विचारलं.

मनवा त्यांच्याकडे बघत राहिली. मॅडमचे प्रश्न तिला सवयीचे होते. पण त्या प्रश्नांची उत्तरं मॅडमना आधीच ठाऊक असायची. या प्रश्नाचं नव्हतं.

“काही नाही, मॅडम,” ती अडखळत म्हणाली. “बाई म्हणाल्या परत. मी परत केलं.”

“आणि मग?”

“मग बाई परत म्हणाल्या, परत.”

मॅडम हसल्या. मोठ्याने. मुली आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग त्याही हसल्या.

“पुसू का मॅडम?” तस्लीमने हळूच विचारलं.

मॅडमनी खुर्चीकडे पाहिलं. खोर्शेदबाईंचा पाय फडक्यावर नव्हता. तो केव्हा उचलला, कुणी पाहिलं नाही. फडकं मोकळं पडलं होतं.

“राहू दे,” मॅडम म्हणाल्या.

दारातून घोडके आले. क्लबचे चिटणीस. नेहमीसारखे घाईत, मफलर अर्धा सुटलेला.

“चला मॅडम, काय ठरलं? हौशीच ना? मी कालच बायकोला म्हटलं, मॅडम हौशीच घेणार.”

मॅडम अजून खालीच बसल्या होत्या.

“परीक्षेचं,” त्या म्हणाल्या.

“अं?”

“परीक्षेचं घेते.”

घोडक्यांनी मुलींकडे पाहिलं, मग मॅडमकडे. “या पोरींबरोबर? मार्चमध्ये? अहो, कशाला दगदग? हौशीत या ना. निवांत आहे. कुणाचं काही बंधन नाही.”

“हौशीची तयारी नाही अजून माझी.”

घोडके बुचकळ्यात पडले. कोपऱ्यातून ननावरे ओरडले, “मॅडम, आमच्यात यायला तयारी लागते होय? आम्हाला कुणी सांगितलंच नाही!”

“लागते म्हणे.”

“बघा घोडके. आणि तुम्ही मला फुकटचा घेतला.”

“तुम्हाला कोण नाही म्हणणार, ननावरे?” घोडके म्हणाले. “तुम्ही पडलात की हॉल हलतो. बरं, मॅडम परीक्षेचं. नक्की ना?”

“नक्की.”

घोडके मान हलवत निघून गेले. मुली पलीकडच्या वर्तुळावर गेल्या. ननावऱ्यांची शीळ पुन्हा सुरू झाली.

मॅडम हात टेकत उठल्या. साडीचा खोचलेला पदर पांढरा झाला होता. त्या खोर्शेदबाईंच्या खुर्चीजवळ आल्या. आवाज अगदी लहान होता, शाळेत त्यांनी तो कधी वापरला नसेल.

“बाई... मी नापास होईन.”

खोर्शेदबाईंनी लाल कोब्यावरच्या त्या रेघेकडे पाहिलं. सुरुवातीपासून, सावकाश, न मिटलेल्या तोंडापर्यंत.

“होशील,” त्या म्हणाल्या. “आता डावा पाय.”